सर्व्हिस मेली तर परवडते, मंदावली तर नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: ऑर्डर घेणारं एक मोठं अ‍ॅप्लिकेशन फोडून तुमच्या टीमने त्याच्या चौदा मायक्रोसर्व्हिस, म्हणजे नेटवर्कवरून एकमेकींशी बोलणारे छोटे स्वतंत्र प्रोग्राम, केल्या. जावातलं स्प्रिंग बूट, प्रोग्राम चालवायला-सांभाळायला कुबरनेटीस, मध्ये मेसेज पोचवणारं काफ्का. प्रत्येक कॉलवर रिट्राय (फसला की पुन्हा प्रयत्न) आहे, रेझिलियन्सफोरजे या जावा लायब्ररीचा सर्किट ब्रेकर आहे, म्हणजे समोरची सर्व्हिस बिघडली की तिच्याकडचे कॉल काही काळ तोडणारी सोय. तरी अधूनमधून एखादी किरकोळ सर्व्हिस मंदावते आणि बघता बघता सगळी साइट झोपते. मूळ सर्व्हिस सावरली तरी बाकीच्या सावरत नाहीत, शेवटी सगळे पॉड, म्हणजे सर्व्हिसच्या चालू प्रती, रीस्टार्ट करावे लागतात. सर्किट ब्रेकर असूनही असं का होतं, आणि आता आणखी काय लावावं?

आणखी काही लावू नका, निदान इतक्यात तरी. तुमच्याकडे यंत्रणांची कमतरता नाही, मर्यादांची आहे. एका कॉलला किती वेळ द्यायचा, एका वेळी किती कॉल बाहेर राहू द्यायचे आणि एकूण किती वेळा प्रयत्न करायचा, हे तीन आकडे तुमच्या वर्णनात कुठेच नाहीत. ते ठरलेले नसले की रिट्राय आणि ब्रेकर दोन्ही नुसते शोभेचे. रिट्राय तर शोभेचाही नाही, तो उलटतो.

आधी एक बिघाड संथपणे पाहू. ऑर्डर सर्व्हिसच्या एका पॉडवर सेकंदाला १०० रिक्वेस्ट येतात असं धरा. प्रत्येक रिक्वेस्ट कूपन सर्व्हिसला एक कॉल करते आणि त्याला ५० मिलिसेकंद लागतात. म्हणजे कोणत्याही क्षणी कूपनच्या उत्तराची वाट पाहणारे थ्रेड (एका वेळी एक रिक्वेस्ट हाताळणारे कामगार) सरासरी १०० गुणिले ०.०५, म्हणजे अवघे पाच. स्प्रिंग बूटमधल्या टॉमकॅट या वेब सर्व्हरला मुळात २०० थ्रेड मिळतात, तेव्हा सगळं निवांत. आता कूपनच्या डेटाबेसवर कोणीतरी इंडेक्स नसलेली क्वेरी सोडली आणि तोच कॉल पाच सेकंदांवर गेला. गरज झाली ५०० थ्रेडची, आहेत २००. दर सेकंदाला शंभर थ्रेड जाऊन अडकतात, दोन सेकंदांत सगळे संपले. तिसऱ्या सेकंदापासून ज्याला कूपनशी देणंघेणं नाही अशी रिक्वेस्टसुद्धा रांगेत. जुन्या ऑर्डरची यादी नाही, ऑर्डर रद्द करणं नाही, काहीच नाही.

गोष्ट इथे थांबत नाही. कुबरनेटीसचा लाइव्हनेस प्रोब, म्हणजे 'जिवंत आहेस ना' ही तपासणी, त्याच पोर्टवर, त्याच थ्रेडच्या भरवशावर उत्तर मागतो. डीफॉल्ट हिशेब असा, की दर दहा सेकंदांनी विचारायचं, एका सेकंदात उत्तर हवं, सलग तीनदा नाही मिळालं की पॉडमधला, प्रोग्राम चालवणारा कंटेनर मारून पुन्हा चालू करायचा. अर्ध्या मिनिटात पहिला पॉड गेला. त्याचा लोड उरलेल्यांवर पडला, आणि ते आधीच गळ्यापर्यंत बुडालेले. नवा कंटेनर उठतो तो थंड जेव्हीएम (जावा चालवणारं इंजिन), रिकामं कनेक्शन पूल (जोडून ठेवलेल्या कनेक्शनचा साठा), रिकामा कॅश (हाताशी ठेवलेला डेटा) घेऊन, आणि उठल्या उठल्या पूर्ण लोड अंगावर. एका खराब क्वेरीपासून इथवर यायला मिनिटभर पुरतं.

आता हीच कूपन सर्व्हिस मंदावण्याऐवजी सरळ मेली असती तर? पोर्ट बंद, कनेक्शन तिथल्या तिथे नाकारलं गेलं असतं, मिलिसेकंदात एक्सेप्शन (चूक झाल्याचा इशारा), थ्रेड मोकळा. ग्राहकाला कूपन लागू झालं नसतं, पण ऑर्डर गेली असती. म्हणून मी कोणाचंही डिझाइन बघताना 'ही सर्व्हिस बंद पडली तर काय होईल' हे फारसं विचारत नाही, त्याचं उत्तर बहुतेकांनी तयार ठेवलेलं असतं. 'ही सर्व्हिस दहापट मंद झाली तर काय होईल' विचारलं की मीटिंगमध्ये शांतता पसरते.

या सगळ्यात ब्रेकर का नाही उघडला? कारण त्याच्या लेखी काही बिघडलंच नव्हतं. रेझिलियन्सफोरजे डीफॉल्टवर असेल तर तो एक्सेप्शन मोजतो. पाच सेकंदांनी आलेलं २०० स्टेटसचं, म्हणजे 'सगळं ठीक' असं, उत्तर त्याच्या दृष्टीने यशस्वी. मंद कॉल मोजायची सोय आहे, पण 'मंद' म्हणजे ६० सेकंदांच्या वर, असा तिथला डीफॉल्ट आहे. म्हणजे ती सोय बंद असल्यात जमा. टाइमआउट, म्हणजे वाट बघायची मुदत, लागून एक्सेप्शन यावं, तर स्प्रिंगमधून कॉल करणारं साधं रेस्टटेम्प्लेट जावाच्या मूळ एचटीटीपी कनेक्शनवर चालत असेल तर रीड टाइमआउट मुळात अनंत असतो. गो भाषेतला डीफॉल्ट एचटीटीपी क्लायंट, पायथनमधली रिक्वेस्ट्स लायब्ररी, यांचंही तेच: तुम्ही आकडा दिला नाही तर ते वाट बघत बसतात. ब्रेकरला टाइमआउटने माहिती पुरवायची असते, आणि तुमच्याकडे टाइमआउटच नाही.

शिवाय निर्णय घ्यायला त्याला डीफॉल्टने किमान १०० कॉल पूर्ण झालेले लागतात. दर मिनिटाला चार-पाच कॉल होणाऱ्या सर्व्हिसवर हे शंभर भरायला वीसेक मिनिटं जातील, तोवर तुम्ही पॉड रीस्टार्ट करून मोकळे झालेले असाल. आणि प्रत्येक पॉडचा ब्रेकर वेगळा असतो. वीस पॉड असतील तर वीस ब्रेकर आपापलं मत बनवणार. ते एकमेकांशी बोलत नाहीत, आणि बोलावेत असा हट्टही धरू नये, कारण मग ते बोलणंच एक नवी डिपेंडन्सी (जिच्यावर विसंबावं लागतं अशी गोष्ट) होऊन बसतं.

टाइमआउटचा आकडा कसा काढायचा

'सुरक्षित राहावं म्हणून ३० सेकंद ठेवलाय' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता मोजत नाही. तीस सेकंद कोणाला सुरक्षित? वरच्या उदाहरणात पाच सेकंदांनीच घात केला. आकडा डिपेंडन्सीच्या निरोगी दिवसांवरून काढायचा. कूपनचे शंभरातले नव्व्याण्णव कॉल १८० मिलिसेकंदांच्या आत येत असतील तर ४०० किंवा ५०० मिलिसेकंद ठेवा आणि गप्प बसा. काही चांगले कॉल कापले जातील. ते आपण ठरवून कापतोय.

कनेक्ट टाइमआउट, म्हणजे कनेक्शन जोडायची मुदत, वेगळा ठेवा आणि खूप लहान ठेवा. एकाच डेटा सेंटरमध्ये कनेक्शन जोडायला मिलिसेकंद-दोन मिलिसेकंद लागतात, तिथे पाव सेकंदसुद्धा उदार आहे. तिसरी एक वाट पाहण्याची जागा असते जी कोणी बघतच नाही: पूलमधून कनेक्शन मिळण्याची. डेटाबेसची कनेक्शन सांभाळणाऱ्या हिकारी पूलचे डीफॉल्ट दहा कनेक्शन आणि ३० सेकंद थांबण्याची मुभा असे आहेत. डेटाबेस मंदावला की दहा थ्रेड क्वेरीत आणि बाकीचे एकशे नव्वद पूलच्या दारात अर्धा-अर्धा मिनिट उभे. एचटीटीपीचे सगळे टाइमआउट नीट लावून झाल्यावर घोडं इथे पेंड खातं.

जावावाल्यांसाठी एक खास खड्डा. रेझिलियन्सफोरजेचा टाइम लिमिटर लावला म्हणजे काम झालं असं वाटतं. तो फ्यूचर (पुढे मिळणाऱ्या उत्तराची पावती) रद्द करतो, कॉल करणाऱ्याला टाइमआउटचं एक्सेप्शन देतो, पण सॉकेटवर (नेटवर्क कनेक्शनच्या टोकावर) वाचत बसलेला खालचा थ्रेड बसलेलाच राहतो. सॉकेटच्या पातळीवर टाइमआउट नसेल तर वरून मलमपट्टी आणि आत गळू.

आणि साखळी लांब असेल तर सुटे टाइमआउट पुरत नाहीत, एकूण मुदत ठरवावी लागते. ग्राहक तीन सेकंदांनी कंटाळून निघून गेला, आणि साखळीतली पाचवी सर्व्हिस अजून मन लावून त्याच्यासाठी क्वेरी चालवतेय, हा लोड निव्वळ वाया. सर्व्हिसमधल्या कॉलसाठी जीआरपीसी वापरत असाल तर डेडलाइन पुढे पाठवायची सोय त्यात आहे. साध्या एचटीटीपीवर 'एवढे मिलिसेकंद उरलेत' असा एक हेडर पाठवा आणि प्रत्येक सर्व्हिसने काम सुरू करण्याआधी तो बघावा. उरलेला वेळ आपल्या नेहमीच्या वेळेपेक्षा कमी असेल तर तिथेच नाही म्हणावं.

एका वेळी किती

मला कोणी म्हणालं की एकच गोष्ट लावायला वेळ आहे, तर टाइमआउटनंतर मी बल्कहेड लावीन, ब्रेकर नाही. कूपनकडे एका वेळी वीसच कॉल बाहेर राहतील, एकविसावा तिथल्या तिथे परत. रोजची गरज पाचची आहे, म्हणजे चौपट मोकळीक. पण कूपन कितीही मंदावलं तरी २०० पैकी १८० थ्रेड तुमच्या हातात राहतात. ब्रेकरला निदान करावं लागतं, टक्केवारी, खिडकी, उंबरठा. बल्कहेडला काही कळावं लागत नाही, म्हणून तो चुकत नाही. रेझिलियन्सफोरजेच्या बल्कहेडचा डीफॉल्ट २५ आहे आणि जागा नसेल तर थांबायचं नाही हाही डीफॉल्ट. हा एक डीफॉल्ट मात्र शहाणपणाचा आहे.

जावा २१ च्या व्हर्च्युअल थ्रेडवर (हजारोंनी बनवता येणाऱ्या हलक्या थ्रेडवर) गेलात तर हा प्रश्न सुटेल असं कोणी सांगत असेल तर ते अर्धवट आहे. आधी २०० थ्रेड ही आयती मर्यादा होती, वाईट का होईना. ती गेली की हजारो कॉल एकदम बाहेर पडतील आणि अडचण मेमरीत किंवा डेटाबेसच्या दहा कनेक्शनवर जाऊन आदळेल. तिथे मर्यादा हाताने घालणं जास्तच गरजेचं होतं.

रिट्राय, आणि तुमची साइट सावरत का नाही

तुमच्या प्रश्नातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला भाग हा: मूळ सर्व्हिस बरी झाली तरी बाकीच्या उठत नाहीत. याला संशोधकांनी मेटास्टेबल फेल्युअर असं नाव दिलंय. नेथन ब्रॉन्सन आणि सहकाऱ्यांचा २०२१ चा एक शोधनिबंध यावर आहे. ट्रिगर निघून जातो, पण त्याने सुरू केलेलं चक्र स्वतःच्या जिवावर फिरत राहतं. तुमच्याकडे ते चक्र बहुधा रिट्रायचं आहे. मोबाइल अ‍ॅप तीनदा प्रयत्न करतं, गेटवे (बाहेरच्या रिक्वेस्ट आत घेणारं दार) तीनदा, ऑर्डर सर्व्हिस तीनदा. एका माणसाने एकदा बटण दाबलं, आणि कूपनकडे २७ कॉल गेले. कूपन सर्व्हिस एव्हाना ठणठणीत आहे, क्वेरी मारून टाकलीय, पण तिच्या दारात नेहमीच्या कितीतरी पट गर्दी आहे. ती एकेक कॉल घेते, काम पूर्ण करते, तोवर मागणाऱ्याचा टाइमआउट होऊन गेलेला, त्याने पुन्हा कॉल टाकलेला. सर्व्हिस शंभर टक्के राबतेय आणि उपयोगी काम शून्य.

ही चूक लहान टीमच करतात असं नाही. १२ एप्रिल २०२५ च्या शनिवारी यूपीआय कित्येक तास कोलमडलं होतं. यूपीआय चालवणाऱ्या मुंबईच्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने नंतर जे कारण दिलं ते वाचण्यासारखं आहे: काही बँका 'व्यवहाराचं काय झालं' हे विचारणाऱ्या एपीआयवर अतोनात कॉल करत होत्या, जुन्या व्यवहारांसाठीसुद्धा पुन्हा पुन्हा. म्हणजे पैसे पाठवण्याच्या कॉलनी नाही, चौकशीच्या कॉलनी यंत्रणा दमली. यातली गोम अशी, की व्यवहार अडकले की चौकशा वाढतात, चौकशा वाढल्या की व्यवहार आणखी अडकतात. पुढे १ ऑगस्ट २०२५ पासून जे नियम आले ते बघा. एका व्यवहाराची स्थिती ठरावीक वेळ थांबूनच विचारायची, आणि दोन तासांत फार तर तीनदा. एका अ‍ॅपवरून शिल्लक दिवसाला ५० वेळा बघता येईल. त्याआधी जूनमध्ये पैसे पाठवण्याच्या कॉलला उत्तराची मुदत ३० सेकंदांवरून १५ वर आणली होती. मुदत आणि प्रयत्नांची संख्या: देशभराच्या यंत्रणेला बांध घालायलाही हेच आकडे लागले.

दुसरं उदाहरण २० ऑक्टोबर २०२५ चं, अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडच्या उत्तर व्हर्जिनियातल्या रीजनचं. डायनॅमोडीबी या त्यांच्या डेटाबेसचा डीएनएस रेकॉर्ड (नावावरून पत्ता सांगणारी नोंद) सांभाळणाऱ्या दोन स्वयंचलित प्रक्रियांची एकमेकींशी शर्यत लागली आणि रेकॉर्ड रिकामा झाला. तो भाग अडीच-पावणेतीन तासांत निस्तरला. पण नवे ईसीटू, म्हणजे भाड्याने मिळणारे व्हर्च्युअल, सर्व्हर उठवणारी आतली सर्व्हिस त्यानंतरही तासन्‌तास रुळावर येईना. तिला असंख्य फिजिकल सर्व्हरशी लीज (ठरावीक मुदतीचा ताबा) पुन्हा जोडायचे होते, आणि ते काम इतकं साचलं की एक लीज पुरा व्हायच्या आत त्याची मुदत संपायची आणि तो पुन्हा रांगेत यायचा. इंजिनिअरांना शेवटी येणारं काम रोखून त्या यंत्रणेतले होस्ट निवडून रीस्टार्ट करावे लागले. तुमच्यासारखंच.

तर रिट्रायसाठी मी लावतो ते नियम असे. साखळीत एकाच थराने रिट्राय करायचा, शक्यतो ज्याला ग्राहकाचा हेतू माहीत आहे त्याने. बाकी थरांनी चूक मुकाट वर पाठवायची. प्रत्येक वेळी थांबण्याचा काळ दुप्पट करायचा आणि त्यात रँडम भाग घालायचा. तो नसेल तर एकाच क्षणी टाइमआउट झालेले हजार क्लायंट एकाच क्षणी परत येतात, आणि ग्राफवर करवतीचे दाते दिसतात. त्याच्याही वर एक बजेट: गेल्या काही सेकंदांतल्या एकूण कॉलच्या दहा टक्क्यांहून जास्त रिट्राय असतील तर रिट्राय बंद. एकेका रिक्वेस्टला 'तीनदा' ही मर्यादा पुरत नाही, कारण सगळ्याच रिक्वेस्ट अपयशी ठरतात तेव्हा तीनदा म्हणजे तिप्पट लोड. दहा टक्क्यांचं बजेट असेल तर सर्वांत वाईट दिवशीही लोड १.१ पट. आणि चारशेच्या घरातल्या चुका, म्हणजे मागणीच चुकीची आहे अशा, पुन्हा पाठवून बरोबर होत नाहीत. ४२९, म्हणजे 'फार कॉल करताय', आला आणि सोबत 'इतक्या सेकंदांनी या' असा हेडर असेल तर तेवढं थांबा.

स्प्रिंगमध्ये अ‍ॅनोटेशन (कोडवरची खूण) लावून रिट्राय आणि ब्रेकर वापरत असाल तर क्रम तपासा. डीफॉल्टने रिट्राय सर्वांत बाहेर असतो, ब्रेकर त्याच्या आत. म्हणजे ब्रेकर उघडून 'कॉल करू देणार नाही' म्हणतो आणि बाहेरचा रिट्राय त्या नकारालाच पुन्हा पुन्हा ठोठावत बसतो. ते एक्सेप्शन रिट्रायमधून वगळा.

सगळं अडकलंच, तर पॉड रीस्टार्ट करण्याआधी गेटवेवर लोड कापा. दहा-वीस टक्के रिक्वेस्ट आत सोडा, बाकीच्यांना लगेच ५०३ ('आत्ता सेवा नाही') द्या, आणि आतले ग्राफ सरळ झाले की हळूहळू वाढवा. हा खटका आधीच बनवून ठेवा. रात्री दोन वाजता कोणी गेटवेचं कॉन्फिग नव्याने शिकत नाही.

टाइमआउट म्हणजे 'नाही' नव्हे

कनेक्ट टाइमआउट झाला तर रिक्वेस्ट पोचलीच नाही, खुशाल पुन्हा पाठवा. रीड टाइमआउट झाला तर काहीच माहीत नाही. समोरच्याने काम केलं असेल आणि उत्तर वाटेत हरवलं असेल, किंवा केलंच नसेल. यूपीआयवर 'पेंडिंग' दिसतं ते याच अवस्थेचं प्रामाणिक नाव आहे. पैशाच्या, स्टॉकच्या, तिकिटाच्या कुठल्याही कॉलला आयडेम्पोटन्सी की (तीच मागणी पुन्हा आलीय हे ओळखायची खूण) नसेल तर त्यावर रिट्राय लावायचा नाही, एवढा नियम भिंतीवर लिहून ठेवा.

ही की कुठे जन्मते यावर सगळं अवलंबून. ग्राहकाने बटण दाबलं त्या क्षणी, पहिल्या प्रयत्नाच्या आधी, आणि सगळ्या प्रयत्नांना तीच. एका पेमेंटच्या कामात मी पाहिलेला कोड असा होता, की ती की छान होती, युनिक होती, आणि रिट्रायच्या लूपच्या आत दर फेरीला नवी बनत होती. कोड रिव्ह्यूमध्ये कोणाच्या नजरेला खटकलं नाही, कारण 'आयडेम्पोटन्सी की' हे शब्द तिथे होते. ग्राहकांच्या खात्यातून दोनदा पैसे गेले तेव्हा लूप उघडून बघितली गेली.

सर्व्हरच्या बाजूला ती की डेटाबेसच्या युनिक कन्स्ट्रेंटवर (एकच नोंद दोनदा न घेण्याच्या नियमावर) सोपवा. 'आधी सिलेक्ट करून बघू, नसेल तर इन्सर्ट' असं लिहू नका. दोन प्रयत्न एकाच वेळी आले की दोघांनाही 'नाही' दिसतं. आधी इन्सर्ट करा, ज्याचं इन्सर्ट आपटलं त्याने पहिल्याचं साठवलेलं उत्तर द्यावं, किंवा पहिलं काम अजून चालू असेल तर ४०९ ('टक्कर झाली'). की आणि प्रत्यक्ष काम एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये हवं, नाहीतर मधल्या फटीत पॉड मेला तर की आहे पण काम नाही. रिक्वेस्टच्या मजकुराचा हॅशही (छोटा ठसा) सोबत ठेवा, म्हणजे तीच की घेऊन वेगळी रक्कम आली तर नाकारता येईल.

काफ्काकडे मेसेज पाठवतानाही हीच फट असते. डेटाबेसमध्ये कमिट झालं आणि मेसेज पाठवायच्या आधी पॉड गेला. त्यावर आउटबॉक्स टेबल हा जुना, कंटाळवाणा आणि खात्रीचा उपाय आहे: मेसेजसुद्धा त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये टेबलात लिहा, दुसरी प्रक्रिया तो उचलून काफ्काला देईल. कधी दोनदा देईल, म्हणून घेणाऱ्याने पुन्हा आयडेम्पोटंट (दोनदा आलं तरी एकदाच काम करणारं) असायचं. यातून सुटका नाही. डेड लेटर क्यूबद्दल (न झेपलेले मेसेज जातात ती रांग) एवढंच, की ती रोज बघणारा माणूस ठरवा, नाहीतर ती कचराकुंडी होते.

अनेक सर्व्हिसमध्ये पसरलेला व्यवहार अर्ध्यात अडकला तर उलटं काम करून तो निस्तरायचा, ही सागाची कल्पना हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सेलम यांनी १९८७ मध्ये मांडली, मायक्रोसर्व्हिसच्या कितीतरी आधी. पण उलटं काम म्हणजे रोलबॅक नव्हे, मधल्या काळात लोकांनी ते बघितलेलं असतं. खात्यातून पैसे गेले आणि समोरच्याला मिळाले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे यूपीआयने माणसाला पाठवलेले पैसे व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत, दुकानदाराच्या बाबतीत पाच दिवसांत, आणि उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. मला हा दस्तऐवज सागाचा उत्तम नमुना वाटतो: कोणती पायरी फसली तर कोण, किती दिवसांत, काय उलटं करणार, सगळं लिहिलेलं. तुमच्या ऑर्डरसाठी असा तक्ता आहे का? तो इंजिनिअरने एकट्याने लिहायचा नसतो, धंदा बघणाऱ्या माणसाला शेजारी बसवून लिहायचा.

फॉलबॅकचंही, म्हणजे पर्यायी वाटेचंही, तसंच. कूपन लागत नसेल तर कूपनशिवाय ऑर्डर घ्यायची, की ग्राहकाला थांबवायचं? फसवणूक तपासणारी सर्व्हिस उत्तर देत नसेल तर व्यवहार सोडायचा की अडवायचा? पाचशे रुपयांपर्यंत सोडा, त्यावर अडवा, असं उत्तर धंद्याच्या बाजूने येतं, लायब्ररीतून नाही. आणि 'कॅश पडला तर थेट डेटाबेसवर जा' या फॉलबॅकपासून सावध. ज्या डेटाबेसने कॅशमुळे वर्षभर दहा टक्केच लोड पाहिलाय, त्याच्यावर एका क्षणात दहापट लोड टाकायची ती सोय आहे.

हेल्थ चेक

लाइव्हनेस प्रोबमध्ये डेटाबेस तपासू नका. डेटाबेस अडखळला म्हणून सगळे पॉड मारले तर डेटाबेस बरा होत नाही. तो प्रोब वेगळ्या पोर्टवर ठेवा, स्प्रिंगमध्ये मॅनेजमेंट पोर्ट वेगळं करता येतं. रेडीनेसमध्येही ('रिक्वेस्ट घ्यायला तयार आहेस ना' या तपासणीत) सामायिक डिपेंडन्सी घातली तर एकाच वेळी सगळे पॉड 'तयार नाही' म्हणतात आणि गेटवेला कोणीच सापडत नाही.

बिघाड दाखवणारी यंत्रणा बिघडणाऱ्या यंत्रणेवर उभी नाही ना, हेही एकदा बघा. २८ फेब्रुवारी २०१७ ला चुकीच्या इनपुटमुळे एका कमांडने अ‍ॅमेझॉनच्या एसथ्री या फाइल साठवणाऱ्या सेवेचे नको तितके सर्व्हर काढून टाकले, तेव्हा 'सेवा बंद आहे' असं सांगणारं त्यांचं स्टेटस पानच बराच वेळ बदलता येईना, कारण त्या पानाचं कामकाज एसथ्रीवरच अवलंबून होतं.

तपासायचं कसं

नेटफ्लिक्सने मुद्दाम मशीन बंद पाडणारं केऑस मंकी आणल्यापासून सगळ्यांना प्रॉडमध्ये (ग्राहक वापरतात त्या यंत्रणेत) मशीन मारायची हौस आलीय. त्यांचं माकड कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत फिरायचं, हे लोक विसरतात. शिवाय तुमचा आजार मरणाचा नाहीच, मंदपणाचा आहे. तेव्हा मारू नका, उशीर घाला. टॉक्सीप्रॉक्सीसारखं नेटवर्कमध्ये बिघाड घालणारं साधन स्टेजिंगमध्ये (चाचणीच्या यंत्रणेत) ऑर्डर आणि कूपनच्या मध्ये बसवा, खरा वाटेल एवढा लोड द्या आणि प्रत्येक उत्तराला तीन सेकंद उशीर लावा. दोन गोष्टी बघा. कूपन न वापरणाऱ्या रिक्वेस्ट पूर्वीच्याच वेगाने जातायत का. आणि उशीर काढून टाकल्यावर, कोणी हात न लावता, सगळं पूर्वपदावर यायला किती वेळ लागतो. दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा. तो 'कधीच नाही' असेल तर रिट्रायचं काम अजून अपुरं आहे.

हे एका डिपेंडन्सीवर जमलं की चौदाही सर्व्हिसवर करा, पण त्याआधी एक हिशेब मांडा. एक सर्व्हिस ९९.९ टक्के वेळ चालू असते म्हणजे महिन्यात ४३ मिनिटं बंद. एका ऑर्डरला चौदाही एकाच वेळी चालू लागत असतील, आणि त्या आपापल्या वेळी पडत असतील, तर ०.९९९ चा चौदावा घात, सुमारे ९८.६ टक्के, म्हणजे महिन्यात दहा तास. हे वर लिहिलेलं सगळं करून त्यातले काही तास परत मिळतील. पण कूपन, किंमत आणि कर या तीन सर्व्हिस एकाच टीमकडे असतील, एकत्रच डिप्लॉय होत असतील आणि एकीशिवाय दुसरीला अर्थ नसेल, तर त्या पुन्हा एक करा. लोकांना याची लाज का वाटते कळत नाही. नेटवर्कवरचा जो कॉल होतच नाही, त्याला ना टाइमआउट लागतो ना ब्रेकर.

आणि पुढच्या वेळी साइट झोपली, की रीस्टार्टचं बटण दाबण्याआधी एका पॉडचा थ्रेड डंप (कोणता थ्रेड काय करतोय याची नोंद) घ्या, तीस सेकंदांनी दुसरा घ्या. बहुतेक थ्रेड सॉकेट वाचताना अडकलेले दिसले तर एचटीटीपीचा टाइमआउट नाही किंवा फार मोठा आहे. हिकारीच्या दारात उभे असतील तर पूल आणि त्याचे ३० सेकंद. सगळे खरंच धावताना दिसले आणि तरी उत्तरं वेळेत जात नसतील, तर रिट्रायचं वादळ. तीन रोग, तीन वेगळी औषधं. रीस्टार्ट केलंत की हा पुरावा पुसला जातो, आणि पुढच्या महिन्यात तुम्ही पुन्हा हाच प्रश्न विचाराल. डंप मिळाला तर त्यातली नावं खोडून इथे टाका, बघून सांगतो.